लेखकाचं नाव आणि ओळख नव्याने बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत मराठी पुस्तकांच्या संपादनाचं आणि प्रसिद्धीचं काम करते, त्यामुळे एक-दोन पुस्तकं येऊन गेलेली, मधे काही वर्षं गॅप पडलेली आणि आता परत जोमाने लिहायला लागलेली अशी लेखक मंडळी सतत फोन करतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीभोवती आहे: तुमचं एक पुस्तक आवडलेला वाचक तुम्हाला शोधत येतो तेव्हा त्याला तुम्ही सापडायला पाहिजे आणि तुमचं दुसरं पुस्तकही मिळायला पाहिजे. बाकीचं सगळं नंतर.

पर्सनल ब्रँड वगैरे इन्फ्लुएन्सर लोकांचं झालं, लेखकाचा त्याच्याशी काय संबंध?

आपल्याकडे हे शंभर वर्षांपासून चालू आहे. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. वि. वा. शिरवाडकर नाटककार म्हणून शिरवाडकर आणि कवी म्हणून कुसुमाग्रज. अत्रे कवितेत केशवकुमार. खानोलकरांच्या कवितांवर नाव आरती प्रभू आणि कादंबऱ्यांवर चिं. त्र्यं. खानोलकर. नाव बघितलं की वाचकाला अंदाज यायचा, आता हातात काय पडणार आहे. तुमच्या नावाने वाचकाच्या मनात असंच काहीतरी पक्कं बसलं पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

आणि "लिखाण चांगलं असेल तर ते आपोआप पोचतं" हे मला अजिबात मान्य नाही. चांगली पुस्तकं गोडाउनमधे सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत तशीच पडलेली मी बघितलीत, आणि ती पुस्तकं वाईट नव्हती, फक्त ती आहेत हे कोणाला माहीत नव्हतं.

आपल्याला रिफ्रेशची, म्हणजे ओळख नव्याने बांधायची, गरज आहे हे कळणार कसं?

फोनमधे ब्राउझरची इन्कॉग्निटो (तुमचं लॉगइन नसलेली खासगी) विंडो उघडा आणि स्वतःचं नाव आधी मराठीत मग इंग्रजीत सर्च करा. स्वतःच्या लॉगइनमधून केलंत तर गूगल तुम्हाला तुमच्याच आवडीचं दाखवेल, म्हणून इन्कॉग्निटो. आता जे दिसतंय ते तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाच्या नजरेने बघा. बहुतेकांना काय दिसतं सांगते: काही वर्षांपूर्वीच्या एका कार्यक्रमाची बातमी, त्यात नाव चुकलेलं, एका ऑनलाइन दुकानात पुस्तकाखाली "सध्या उपलब्ध नाही", फेसबुकवर दोन प्रोफाइलं त्यातल्या एकाचा पासवर्ड कधीच विसरलेला, आणि ब्लॉगच्या वरच "आगामी कादंबरी लवकरच", जी येऊन तिची पहिली आवृत्ती संपलीसुद्धा.

यातलं एक जरी दिसलं तरी काम करायची गरज आहे.

मग आधी लोगो आणि वेबसाइट करून घेऊ का?

नको. आधी पुस्तकं.

एक साधी यादी करा, तुमच्या प्रत्येक पुस्तकापुढे लिहा: प्रकाशकाकडे प्रती आहेत का, ऑनलाइन कुठे मिळतं, दादरला छबिलदासच्या गल्लीत पुस्तकाच्या दुकानात गेलं तर काउंटरवर मिळतं का, ई-बुक आहे का, ऑडिओ आहे का. दुकानात एकदा स्वतः जाऊन बघा किंवा एखाद्या मित्राला पाठवा. मुंबईतल्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर उभा असलेला माणूस काय म्हणतो याला फार किंमत आहे. गिऱ्हाईक नाव विचारतं आणि तो कपाटाकडे न बघताच "ते संपलंय, येईल तेव्हा कळवतो" म्हणतो की हात घालून प्रत काढून देतो, यात तुमच्या ब्रँडची खरी अवस्था कळते. नवीन फोटो, नवीन रील, सगळं केलंत आणि वाचक दुकानातून रिकाम्या हाताने परत गेला तर तो खर्च पाण्यात गेला.

पुस्तक आउट ऑफ प्रिंट आहे आणि प्रकाशक ना नवी आवृत्ती काढत ना उत्तर देत. काय करायचं?

आधी करार शोधा. कपाटात, जुन्या फायलीत, ईमेलमधे, कुठेतरी असेल. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक लेखकाला तोंडपाठ पाहिजेत असं माझं मत आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात, नुसतं तोंडी बोलणं पुरत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरतं. आणि करारात वेगळं काही नसेल तर, दिलेले हक्क घेणाऱ्याने १ वर्षात वापरले नाहीत तर ते संपतात, म्हणजे जे ऑडिओचे हक्क कोणीतरी घेऊन नुसते ठेवून दिलेत त्याबद्दल तुम्ही विचारू शकता.

मराठीत खूप पुस्तकं विश्वासावर निघालीत, त्यात प्रेम आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, पण वीस वर्षांनी तेच पुस्तक परत आणायचं म्हटलं की कोणाकडे काय आहे हेच कळत नाही. तेव्हा प्रकाशकाला शांतपणे एक पत्र लिहा, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने. शिल्लक प्रती किती, पुढची आवृत्ती काढणार का, नसेल तर हक्क परत केल्याचं लेखी द्यावं, एवढेच तीन मुद्दे. भांडणाचा सूर नको कारण बरेचदा समोरचे मालक बदललेले असतात, मुलगा-मुलगी बघत असतात आणि त्यांना तुमच्या पुस्तकाची फाइल कुठल्या कॉम्प्युटरवर आहे तेही माहीत नसतं. पत्राला उत्तर आलं नाही तर कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला करार दाखवून मगच पुढचं पाऊल.

माझं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने छापलंय. एवढ्याने काय फरक पडतो?

खूप फरक पडतो. पहिल्या पुस्तकावर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षरं आणि आडनाव, लग्नानंतरच्या पुस्तकावर दुसरंच आडनाव. दुकानाच्या कॉम्प्युटरमधे, ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधे आणि ऑनलाइन यादीत ही तीन वेगळी माणसं होतात आणि एकीच्या वाचकाला दुसरीचा पत्ता लागत नाही. इंग्रजी स्पेलिंगमधे तर विचारूच नका, एकीकडे एक ए, दुसरीकडे दोन ए.

एक नाव ठरवा, देवनागरीत एक रूप आणि इंग्रजीत एक स्पेलिंग, आणि इथून पुढे कव्हर, ईमेल, इन्स्टा, दिवाळी अंकातलं लेखकनाव, सगळीकडे तेच. नावात "डॉ." लावायचं का, टिंब लावायचं का, हेसुद्धा एकदाच ठरवून टाका. जुन्या पुस्तकाची नवीन आवृत्ती निघेल तेव्हा कव्हरवर नवीन नाव घ्या आणि आत श्रेयनामावलीच्या पानावर "पहिली आवृत्ती अमुक नावाने" अशी एक ओळ टाका. नाव बदलायचं असेल तर पुस्तक येण्याआधी बदला, पुस्तक येऊन दोन महिने झाल्यावर नाही.

टोपणनाव घ्यावं का?

दोन प्रकारचं लिखाण करता आणि दोघांचे वाचक खरोखर वेगळे आहेत, किंवा नोकरीमुळे खरं नाव लावता येत नाही, तर घ्या. मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर हे नाव घेतलं तेव्हा बाईने तसं लिहिणं समाजाला झेपणारं नव्हतं, त्यांना कारण होतं. नुसतं कानाला छान लागतं म्हणून घेऊ नका, कारण मग दोन नावांची दोन खाती, दोन परिचय, दोन वाचकवर्ग सांभाळायला लागतात आणि बहुतेकांना नोकरी आणि घर सांभाळून एकच जमतं.

लेखक परिचय कसा लिहू? माझा वाचून मलाच कंटाळा येतो.

हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा परिचय असा आहे:

"जन्म रत्नागिरी जिल्ह्यात. शिक्षण एम. कॉम. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. वाचन, लेखन, संगीत, भटकंती हे छंद. विविध नियतकालिकांतून लेखन प्रसिद्ध. अनेक पुरस्कारांनी सन्मानित."

यात एकही वाक्य खोटं नाही पण हा परिचय मुंबईतल्या हजार निवृत्त माणसांना लागू पडतो. अशा वेळी मी त्या लेखिकेला विचारते, बँकेत कुठल्या शाखेत होतात? ती म्हणते लालबागला. कधी? गिरण्यांचा संप १९८२ मधे सुरू झाला त्याच्या पुढची सगळी वर्षं. काउंटरवर कोण यायचं? आणि मग ती बोलायला लागते, पासबुकात शिल्लक किती राहिली हे दबक्या आवाजात विचारणाऱ्या बायका, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडायला आलेला साचेवाला (गिरणीत माग चालवणारा कामगार), आणि तिच्या सगळ्या कथा तिथूनच आलेल्या असतात. मग परिचय असा होतो:

"लालबागच्या बँकेत काउंटरवर नोकरी केली आणि गिरणी संपानंतरची घरं तिथूनच पाहिली. त्या घरांतल्या बायकांच्या कथा लिहितात. दोन कथासंग्रह प्रसिद्ध, पहिली कादंबरी येत आहे. राहणं बोरिवलीला."

आधीच्यापेक्षा फारसा लांब नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की ही बाई कशाबद्दल लिहिते आणि तिला ते का माहीत आहे. पुरस्कार असतील तर सर्वात महत्त्वाचा एक, नावासकट आणि वर्षासकट. "अनेक" लिहिलं की कोणालाच काही कळत नाही. हा परिचय तीन मापांत तयार ठेवा: इन्स्टाच्या बायोसाठी (तिथे १५० अक्षरांचीच मर्यादा आहे), अंकासाठी चार ओळी, आणि कार्यक्रमात निवेदकाने वाचायला एक परिच्छेद. तिसरा तयार नसेल तर निवेदक गूगलवरून काहीतरी उचलतो आणि तुम्ही स्टेजवर बसून स्वतःबद्दलची चुकीची माहिती ऐकता.

फोटो?

गेल्या दोन वर्षांतला, चेहरा नीट दिसणारा, पाठीमागे गर्दी नसलेला. लग्नातला क्रॉप केलेला नको. फोटोग्राफरला पैसे दिले असले तरी तो कव्हरवर आणि पोस्टरवर वापरायची परवानगी लेखी मेसेजमधे घेऊन ठेवा आणि शक्य तिथे त्याचं नाव द्या.

फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप, यूट्यूब... सगळीकडे असलंच पाहिजे का?

नाही. एका ठिकाणी जिवंत असणं चार ठिकाणी मेल्यासारखं पडून राहण्यापेक्षा बरं. माझ्या अनुभवात मराठी पुस्तकं विकत घेणारा पन्नाशीपुढचा वाचक अजून फेसबुकवर आहे, लांबलचक पोस्ट तिथेच वाचली जाते आणि शेअरही होते. कॉलेजची मुलं इन्स्टावर. आणि व्हॉट्सॲपवर सगळेच.

काही तांत्रिक गोष्टी. फेसबुकच्या वैयक्तिक प्रोफाइलला ५००० मित्रांची मर्यादा असते, त्यामुळे नाव पसरायला लागलं की लेखकाचं वेगळं पेज किंवा फॉलोअर्सची सोय करून ठेवा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधे २५६ च नंबर बसतात आणि मेसेज त्यालाच जातो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय, म्हणून कार्यक्रमात नंबर घेताना "माझा सेव्ह करा हं" हे सांगायला विसरू नका. व्हॉट्सॲप चॅनल सुरू केलंत तर कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही, बायका-मुलींना ते जास्त सोयीचं वाटतं असं मला दिसलंय. आणि विचारल्याशिवाय कोणाला ग्रुपमधे घालू नका, कृपा करून. सकाळी उठून बघतो तर अनोळखी ग्रुप आणि त्यात पुस्तकाची जाहिरात, असं झालं की माणूस ग्रुप सोडतो आणि नाव लक्षात ठेवतो, वेगळ्या कारणासाठी.

त्याशिवाय वाचकांच्या ईमेलची एक यादी स्वतःकडे ठेवा. उद्या एखादं ॲप बंद पडलं, खातं हॅक झालं तर ती यादी तुमच्याकडेच राहते.

पोस्ट रोज टाकायची का, आणि टाकू काय?

रोज नको. आठवड्यातून एक चांगली पुरते, फक्त ती नेमाने पाहिजे. "माझं पुस्तक घ्या" ही दहातली एक असू दे. उरलेल्यात तुमच्या विषयाचं जग येऊ द्या. बीडीडी चाळीवर कादंबरी लिहिताय तर चाळीतल्या सामायिक नळाबद्दल लिहा, जुन्या भाडेपावतीचा फोटो टाका, एखादं प्रकरण लिहिताना ससून डॉकला पहाटे गेलात तिथलं मासळीच्या लिलावाचं ओरडणं रेकॉर्ड करून टाका. दुसऱ्या लेखकांच्या पुस्तकांबद्दल मनापासून लिहा, आपली मराठी पुस्तकांची दुनिया लहान आहे आणि कोण कोणाबद्दल चांगलं बोलतं हे लक्षात राहतं.

पोस्टचा मजकूर इमेजवर टाइप करून टाकणाऱ्यांना एक विनंती, तोच मजकूर खाली कॅप्शनमधेही टाका. इमेजमधला मजकूर सहज कॉपी करता येत नाही, सर्चमधे धड सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकांच्या फोनला तो बहुतेक वेळा वाचून दाखवता येत नाही.

चॅटजीपीटीकडून पोस्ट लिहून घेतल्या तर चालेल?

तारखांचं वेळापत्रक करायला, लांब मजकूर छोटा करायला वापरा. पण तुमच्या आवाजात बोलायचं काम त्याला देऊ नका, वाचक तुमच्या वाक्यांसाठीच आलेला असतो.

मी आतापर्यंत कविता लिहिल्या, आता क्राइम थ्रिलर लिहिलीय. वाचक गोंधळतील?

काही जण गोंधळतील आणि ते ठीक आहे. त्यांना आधीपासून सांगत चला. कादंबरी यायच्या सहा महिने आधीपासून तुम्ही पोलीस पंचनामा कसा होतो, बातम्यांतली केस कशी वाचायची, तुम्हाला हा विषय का खुणावतो हे लिहायला लागलात तर पुस्तक येईपर्यंत लोकांची तयारी झालेली असते. कविता आणि थ्रिलर यांच्यात समान धागा काय आहे तो शोधा, बहुतेक वेळा असतो. तुमच्या कवितेत रात्रीची मुंबई असेल आणि थ्रिलरमधेही तीच असेल, तर "रात्रीची मुंबई लिहिणारी लेखिका" ही ओळख दोन्हीकडे चालते. कव्हरचं डिझाइन मात्र साफ वेगळं ठेवा, कवितासंग्रह समजून थ्रिलर विकत घेतलेला वाचक चिडतो.

वेबसाइट हवीच का?

एक पान तरी हवं. स्वतःच्या नावाचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) घ्या आणि ते स्वतःच्या ईमेलवर रजिस्टर करा, भाच्याच्या किंवा डिझायनरच्या नाही, कारण रिन्यूअलच्या वेळी तो परदेशी असतो आणि साइट बंद पडते. पानावर पुस्तकं, प्रत्येकाचं कव्हर, विकत घ्यायची लिंक, परिचय, ईमेल. घरचा पत्ता आणि वैयक्तिक मोबाइल नंबर टाकू नका.

इथे एक अडचण हमखास येते. जुनं पुस्तक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधे डीटीपी केलेलं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर जुळवलेलं असतं. त्या फाइलमधला मजकूर कॉपी करून साइटवर टाकला की देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि गूगलला त्यातलं काहीच कळत नाही. मजकूर युनिकोडमधे (फोन-कॉम्प्युटर सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत) कन्व्हर्ट करायला लागतो, त्याची सॉफ्टवेअर आहेत, पण कन्व्हर्ट झाल्यावर प्रूफ वाचायलाच पाहिजे. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी उडते, जोडाक्षरं फुटतात. एक प्रकरण करून बघा मग कळेल. हे काम किचकट आहे पण एकदा केलंत की ई-बुक, वेबसाइट, नवी आवृत्ती सगळ्यालाच तो मजकूर वापरता येतो.

दिवाळी अंकांचा ब्रँडला काही उपयोग होतो?

मराठी लेखकाला याच्यासारखी जागा नाही. का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मधे काढला तेव्हापासून नवीन नाव वाचकांपर्यंत न्यायचं काम हे अंक करतायत. एका घरात आलेला अंक शेजारी जातो, लायब्ररीत वर्षभर फिरतो. पण अंकाचा स्वभाव बघून लिखाण पाठवा, तीच कथा एकाच वेळी पाच संपादकांना पाठवू नका, त्यांचं एकमेकांशी बोलणं असतं. कामं उन्हाळ्यातच सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टपर्यंत बऱ्याच अंकांचा मजकूर ठरतो, गणपतीत पाठवलेली कथा उशिराची. आणि परिचयाच्या ओळीत पुस्तकाचं नाव आणि ते कुठे मिळेल ते आलंच पाहिजे, कथा आवडलेल्या माणसाला पुढे कुठे जायचं हे तिथेच कळू दे.

कार्यक्रम करायचे तर कुठे? मोठा हॉल परवडत नाही.

मोठा हॉल नकोच. पाचशे खुर्च्यांत साठ माणसं बसली की लेखकाचा चेहरा पडतो, तीच साठ माणसं ग्रंथालयाच्या वाचन कक्षात बसली की खोली भरते. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून, पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाला शंभर वर्षं होऊन गेली. डोंबिवलीला २०१७ मधे ९० वं साहित्य संमेलन झालं, तिकडच्या वाचकांना गृहीत धरू नका, लोकलने जाऊन त्यांच्याकडे कार्यक्रम करा. सगळ्यांनी दादरला यावं ही अपेक्षा सोडा, शनिवारी संध्याकाळी विरारहून दादर म्हणजे काय ते तुम्हालाही माहितीय.

कार्यक्रम संपल्यावरचं टेबल सर्वात महत्त्वाचं. तिथे पुस्तकं, सुटे पैसे, यूपीआयचा क्यूआर कोड आणि नावं लिहायला एक वही ठेवा. सही करताना वाचकाचं नाव नीट विचारून लिहा. विक्री सांभाळायला दुसरं माणूस पाहिजे, तुम्ही पैसे मोजत बसलात तर बोलणार कोण? फोटोसाठी नातेवाईक गराडा घालतात आणि लाजरा वाचक मागे उभा राहून निघून जातो, त्याच्याकडे लक्ष असू दे.

ई-बुक आणि ऑडिओबुक केलं तर छापील पुस्तकाची विक्री पडेल का?

मला तसं दिसलेलं नाही. ट्रेनमधे कानात घालून ऐकणारा आणि घरी पुस्तक वाचणारा बरेचदा एकच असतो, किंवा अगदी वेगळा, जो तुमचं पुस्तक छापील स्वरूपात कधीच घेणार नव्हता. स्टोरीटेल २०१७ मधे भारतात आलं तेव्हापासून मराठीत ऐकण्याची सवय वाढलीय. हक्क कोणाकडे आहेत ते आधी बघा, वाचणाऱ्याचा आवाज तुमच्या भाषेला शोभतो का ते ऐकून मगच होकार द्या, मालवणी संवाद पुस्तकी उच्चारात ऐकायला फार त्रास होतो. प्रत्येक स्वरूपाला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वेगळा लागतो. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, लेखक स्वतः प्रकाशित करत असेल तरी मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच नंबर चालतो, मजकूर बदलून सुधारित आवृत्ती काढली तर नवीन.

पैसे कशावर खर्च करू आणि कशावर नको?

चांगलं कव्हर आणि चांगलं मुद्रितशोधन, या दोन गोष्टींना पैसे द्या, काटकसर दुसरीकडे करा. फॉलोअर्स विकत घेऊ नका. प्रवेशशुल्क भरून, ट्रॉफीचे वेगळे, स्टेजवरच्या फोटोचे वेगळे पैसे देऊन मिळणारे पुरस्कार घेऊ नका, जाणकार वाचकाला आणि संपादकाला ते लगेच ओळखू येतात. पहिलंच पुस्तक असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवा.

विकिपीडियावर स्वतःचं पान करू?

स्वतः करू नका. स्वतःबद्दल लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही आणि स्वतंत्र संदर्भ नसले की पान काढलं जातं. तुमच्याबद्दल परीक्षणं, मुलाखती छापून येऊ देत, पान कोणीतरी करेल.

माझं पुस्तक घ्या असं म्हणायला मला फार संकोच वाटतो.

बऱ्याच चांगल्या लेखकांना वाटतो. पुस्तकाबद्दल बोलू नका, पुस्तकातल्या माणसांबद्दल बोला. त्यांच्याबद्दल तुम्ही दोन-तीन वर्षं विचार केलाय, तेव्हा शब्द आपोआप येतात आणि ऐकणारा विचारतो, कुठे मिळेल? तेवढं उत्तर तयार ठेवा.

जुन्या पुस्तकातली काही मतं आता मलाच पटत नाहीत. ते पुस्तक मागे घेऊ का?

घाई करू नका. नवी आवृत्ती काढा आणि तिला नवीन मनोगत लिहा: तेव्हा काय वाटत होतं, आता काय वाटतं, मधे काय वाचलं, कोण भेटलं. लेखक वाढतो हे बघायला वाचकाला आवडतं. ज्या मजकुरामुळे कोणा माणसाला किंवा समाजाला इजा पोचते तो मात्र काढा आणि काढला हे स्पष्ट लिहा, गुपचूप नाही.

वडील लेखक होते, आता नाहीत. त्यांचं नाव परत लोकांपुढे आणायचंय.

लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट वारसांकडे राहतो, त्यामुळे आधी घरातल्या सगळ्या वारसांची लेखी संमती एकत्र करा, एका भावाची सही नाही म्हणून आवृत्त्या अडकलेल्या आहेत. मग हस्तलिखितं, पत्रं, फोटो स्कॅन करून ठेवा, मुंबईच्या दमट हवेत कागद टिकत नाही, पावसाळ्यानंतर कपाट उघडलं की बुरशी. सगळी पुस्तकं एकदम आणू नका. सर्वात ताकदीचं एक निवडा, आजच्या एखाद्या लेखकाकडून प्रस्तावना घ्या, आणि तेवढंच नीट पोचवा.

मला इंग्रजी वाचकांपर्यंतही जायचंय. सुरुवात कशी करू?

आख्खं पुस्तक अनुवाद करून घेऊ नका, एक प्रकरण किंवा दोन कथा करून घ्या आणि पुस्तकाचा दीड-दोन पानांचा सारांश इंग्रजीत. अनुवादक असा शोधा ज्याचं इंग्रजीतलं लिखाण वाचून तुम्हाला मजा येते, फक्त मराठी उत्तम आहे एवढ्यावर जाऊ नका. अनुवादाचे हक्क मराठी प्रकाशकाकडे गेलेत का ते करारात बघा. पैसे आणि रॉयल्टीची वाटणी आधीच लेखी करा, आणि अनुवादकाचं नाव कव्हरवर येईल हेही त्याच कागदावर लिहा.